धुऱ्यावरचा मुक्काम

विदर्भातल्या वावरात गहू उभा असतो तो जेमतेम चार महिने. नोव्हेंबरात पेरणी, फेब्रुवारीच्या शेवटी कापणीची घाई, आणि मार्च सरेस्तोवर वावर मोकळे. गव्हावर येणाऱ्या बुरशींना मात्र वर्षाचे बाराही महिने जगायचे असते. मग गहू नसतो त्या आठ महिन्यांत त्या राहतात कुठे? काही बियाण्याच्या पोटात राहतात, काही जमिनीत, काही धसकटात. काही शेकडो कोसांवरच्या थंड डोंगरांत, तिथल्या गव्हावर तग धरतात. आणि काही मुक्काम करतात तणांवर: धुऱ्यावरच्या गवतावर, पांदणीच्या कडेला, पाटाच्या ओल्या काठावर, नाहीतर थेट पिकाच्या तासांत. या शेवटच्या मुक्कामाची हकीकत विदर्भाच्या शेतीला समोर ठेवून मराठीत एका जागी मांडावी, यासाठी हे पुस्तक आहे.

शेतकऱ्याच्या लेखी तण म्हणजे खताचा, पाण्याचा आणि उजेडाचा वाटेकरी. ही तक्रार खरीच आहे. चंदनबटवा, हरळी, लव्हाळा, हरणखुरी, गाजर गवत यांनी गव्हाच्या पहिल्या महिना-दीड महिन्यात डोके वर काढले आणि निंदण लांबले, तर उतारा घटतो. पण तणावर दुसराही एक आरोप आहे आणि त्याची चौकशी फारशी झालेली नाही: तण रोगाला थारा देते. चौकशी न होण्याचे एक कारण आपल्या अभ्यासाच्या रचनेत आहे. कृषी महाविद्यालयात तणांचा विषय कृषिविद्येकडे असतो आणि बुरशींचा विषय रोगशास्त्राकडे. कृषिविद्येचा माणूस तण मोजतो, त्याचे वजन करतो, तणनाशकाची मात्रा ठरवतो. रोगशास्त्राचा माणूस गव्हाचे पान तपासतो. तणाच्या पानावरचा डाग दोघांच्याही वाट्याला येत नाही. हे पुस्तक त्या डागापासून सुरू होते.

तण बुरशीला ज्या प्रकारांनी आसरा देते, ते आधी वेगळे ओळखले पाहिजेत. पहिल्या प्रकारात बुरशीचे जीवनचक्र दोन अगदी परक्या वनस्पतींवर वाटलेले असते. आयुष्याचा एक भाग गव्हावर, दुसरा एखाद्या झुडपावर. अशा झुडपाला पर्यायी यजमान म्हणतात. तिथे बुरशीचा लैंगिक संयोग होतो आणि नवे प्रभेद जन्माला येतात. दुसऱ्या प्रकारात बुरशी गव्हाच्याच कुळातल्या रानगवतावर, गव्हावर जगते तशीच जगते. ते गवत म्हणजे सहयजमान. तिसरा प्रकार फसवा आहे. बुरशी तणाच्या आत राहते, पण तणावर डाग नाही, कूज नाही, पिवळेपणा नाही. ओंबीवर येणाऱ्या फ्युजेरियम बुरशी अनेक रुंद पानांच्या तणांत अशा निमूट राहिलेल्या युरोपातल्या अभ्यासकांना सापडल्या आहेत. चौथ्या प्रकारात तणावर बुरशी नसतेच. पण तण दाट माजले की पिकात वारा खेळत नाही, दंव उशिरा वाळते, पाने तासन्‌तास ओली राहतात, आणि आलेल्या बीजाणूला रुजायला हवी ती ओल मिळते. याशिवाय एक तण असे आहे की ज्याला तण म्हणायला जीभ रेटत नाही: खळ्याभोवती, रस्त्याकडेला, पुढच्या पिकात सांडलेल्या दाण्यांतून आपोआप उगवलेला गहू. नको तिथे उगवले ते तण ही व्याख्या मानली, तर असा गहू हेच गव्हाच्या रोगांचे सर्वांत सोयीचे तण ठरते.

या शास्त्राची सुरुवात पहिल्या प्रकारापासून झाली, आणि तीही शास्त्रज्ञांच्या आधी शेतकऱ्यांकडून. बारबेरी हे काटेरी झुडूप कुंपणाला असले की शेजारच्या गव्हावर तांबेरा येतो, असे युरोपातले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत होते. विद्वान त्याला अंधश्रद्धा म्हणत. अमेरिकेतल्या कनेक्टिकट वसाहतीने १७२६ सालीच बारबेरी उपटण्याचा कायदा केला. तोवर तांबेरा ही बुरशी आहे हेही सिद्ध झालेले नव्हते. १८६५ साली जर्मन शास्त्रज्ञ अँटोन डी बारी यांनी प्रयोगाने दाखवून दिले की गव्हाच्या काडीवरचा काळा तांबेरा आणि बारबेरीच्या पानावरचे नारिंगी ठिपके ही एकाच बुरशीची, पक्सिनिया ग्रॅमिनिसची, दोन रूपे आहेत. अमेरिकेत १९१६ साली तांबेऱ्याने गहू बुडवला, आणि १९१८ पासून तिथे बारबेरी उखडण्याची मोहीम सुरू झाली. पुढच्या काही दशकांत दहा कोटींहून अधिक झुडपे नष्ट करण्यात आली. एका वनस्पतीविरुद्ध माणसाने इतकी लांब मोहीम क्वचितच चालवली असेल.

बारबेरी आपल्याला अगदीच परकी नाही. वैद्यांच्या झोळीतली दारुहळद तिच्याच कुळातली, आणि हिमालयाच्या उतारांवर तिची भावंडे भरपूर आहेत. त्यामुळे भारतातही तांबेऱ्याचे मूळ याच झुडपात असणार, असे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या अभ्यासकांना वाटणे साहजिक होते. सिमल्यात आर्थर बार्कले यांनी त्याचा शोध घेतला. पुसा येथील कृषी संशोधन संस्थेचे बुरशीतज्ज्ञ एडविन बटलर यांनी हेमन यांच्यासह १९०६ साली भारतातल्या गव्हाच्या तांबेऱ्यांवर सविस्तर प्रबंध लिहिला. मात्र मैदानातला तांबेरा आणि डोंगरातली बारबेरी यांची गाठ काही जुळेना.

ती का जुळत नाही, याचा एक धागा स्वीडनमध्ये सापडला होता. याकोब एरिक्सन यांनी १८९४ साली दाखवले की गव्हावरचा, ओटवरचा आणि राय या धान्यावरचा काळा तांबेरा दिसायला एकसारखा असला, तरी एकावरचा सहसा दुसऱ्यावर लागत नाही. दिसणे एक आणि लागणे दुसरे. या विषयात पाऊल टाकणाऱ्याने सर्वांत आधी पक्की करावी अशी ही गोष्ट आहे. विदर्भातलेच उदाहरण घेऊ. आपल्याकडे गव्हाच्या जोडीला जवस असतो आणि त्यावरही झळझळीत नारिंगी तांबेरा येतो. पण तो मेलॅम्प्सोरा या निराळ्या बुरशीचा. तो गव्हावर जात नाही. गाजर गवतावरही एक पक्सिनिया येतो आणि त्याचाही गव्हाशी संबंध नाही. तणावर तांबडी भुकटी दिसली म्हणजे गव्हाचा शत्रू सापडला, असा निष्कर्ष काढणारा माणूस निरपराध झाडाला शिक्षा देतो आणि खरा आश्रयदाता मोकळा राहतो.

मध्य भारताला या रोगाची ओळख जुनी आहे. विल्यम स्लीमन हे ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेले इंग्रज अधिकारी. १८२०च्या दशकात ते जबलपूरला होते. १८४४ साली छापलेल्या त्यांच्या आठवणींच्या ग्रंथात गव्हाच्या रोगावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. १८२७ सालच्या हंगामात जबलपूर जिल्ह्यात पेरले तेवढे बीसुद्धा परत आले नाही, अशी नोंद त्यांनी केली आहे. हा सागर-नर्मदेचा प्रदेश १८६१ साली नागपूरला जोडून मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी बनली. त्यामुळे नर्मदेच्या खोऱ्यातला गहू आणि त्यावरचे संकट यांचा हिशेब पुढे जवळजवळ शंभर वर्षे नागपूरच्या दफ्तरात राहिला. १९४६-४७च्या हंगामात काळ्या तांबेऱ्याने मध्य भारतात पुन्हा थैमान घातले. सुमारे २० लाख टन गहू बुडाल्याचा अंदाज आहे. देश फाळणीच्या उंबरठ्यावर, अन्नधान्याची टंचाई, आणि त्यात हे. तांबेऱ्याच्या संशोधनाला स्वतंत्र भारतात जे महत्त्व मिळाले, त्याच्यामागे हा हंगाम आहे.

बुरशी उन्हाळ्यात राहते कुठे, या प्रश्नाचे भारतापुरते उत्तर दिले ते आग्रा कॉलेजातले प्राध्यापक करमचंद मेहता यांनी. १९२० आणि १९३०च्या दशकांत ते दरवर्षी डोंगर आणि मैदान धुंडाळत राहिले. सिमल्याजवळ फ्लॉवरडेल येथे १९३० साली त्यांच्या प्रयत्नाने तांबेऱ्याचे संशोधन केंद्र उभे राहिले. त्यांच्या प्रबंधाचा पहिला भाग १९४० साली आला आणि दुसरा, त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली. त्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता. भारताच्या मैदानात तांबेऱ्याचे बीजाणू उन्हाळा ओलांडू शकत नाहीत. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या नागपूरच्या माणसाला हे वेगळे पटवून द्यायला नको. बुरशी जिवंत राहते ती दक्षिणेत निलगिरी-पळणीच्या आणि उत्तरेत हिमालयाच्या थंड उंचीवर, तिथल्या बिगरहंगामी आणि आपोआप उगवलेल्या गव्हावर. बारबेरीचा भारतातल्या तांबेऱ्यात म्हणण्यासारखा वाटा नाही. निलगिरीत ब्रायझा आणि हिमालयात ब्रोमस अशा काही रानगवतांवर काळ्या तांबेऱ्याच्या नोंदी पुढे झाल्या, पण मुख्य आश्रय गव्हाचाच. १९७०च्या दशकात रोगशास्त्रज्ञ एस. नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चित्रात वाऱ्याची वाट भरली. हिवाळ्याच्या सुरुवातीला बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचे वारे निलगिरीवरचे बीजाणू उचलतात आणि पावसासोबत मध्य भारतात उतरवतात. म्हणजे नागपूरच्या वावरात दिसणारा काळा तांबेरा धुऱ्यावरून नाही, आभाळातून येतो.

तणांवरच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत हे इतके ठळकपणे सांगण्याचे कारण आहे. या विषयावर लिहिणाऱ्याला सगळा दोष तणाच्या माथी मारण्याचा मोह होतो. पुस्तकाने तो आवरला आहे. त्याचे म्हणणे असे की प्रत्येक बुरशीचा मुक्काम वेगळा आणि तो प्रत्येक मुलखात वेगळा. म्हणून तणाचा गुन्हा बुरशीगणिक आणि प्रदेशागणिक सिद्ध करावा लागतो. युरोपात दोषी ठरलेले झुडूप भारतात निर्दोष असू शकते. मोकळी काणी बियाण्यातून येते. तिच्यासाठी धुरा खरवडून काही होणार नाही, बीजप्रक्रियाच हवी. कर्नाल बंट बियाण्यातून आणि जमिनीतून येतो. तिथेही तण जवळपास गैरलागू.

मग तण कुठे दोषी आहे? विदर्भापुरते पाहिले तर सर्वांत आधी जमिनीलगत. स्क्लेरोशियम रॉल्फसाय ही बुरशी गव्हाची बुंधेकूज घडवते. हरभऱ्याची, सोयाबीनची, भुईमुगाची खोडकूजही तीच. तिचे मोहरीच्या दाण्याएवढे तपकिरी गोळे मातीत वाट पाहत पडून राहतात. पाचशेहून अधिक वनस्पतींवर जगू शकणाऱ्या या बुरशीला खरिपातले सोयाबीन निघाल्यावर आणि रब्बीचा गहू उगवण्याआधी मधल्या रिकाम्या दिवसांत ओल्या जागेतले रुंद पानांचे तण पुरेसे होते. दुसरा नंबर पानावरच्या करप्याचा. बायपोलॅरिस सोरोकिनियाना ही बुरशी उबदार, दमट हवेत बळावते आणि गव्हाखेरीज अनेक गवतांवर जगते. पेंचच्या कालव्याखाली पारशिवनी, रामटेक, मौदा या पट्ट्यात धानानंतर गहू घेतला जातो. ओल, धानाचे धसकट, बांधीवरचे गवत आणि उशिरा पेरलेला गहू, चारही गोष्टी तिथे एकत्र येतात.

तिसरे उदाहरण दूरचे आहे, पण शिकवणारे. इंग्लंडमध्ये अरगट ही बुरशी गव्हाच्या ओंबीत दाण्याच्या जागी काळी विषारी शिंगे तयार करते. तिथे गव्हात माजणारे काळे गवत गव्हाच्या आधी फुलते. अरगट आधी त्याच्यावर येते, तिच्या गोड चिकट स्रावातले बीजाणू कीटक आणि पावसाचे थेंब पसरवतात, आणि तोवर गहू फुलोऱ्यात आलेला असतो. फुलण्याच्या वेळेतला काही दिवसांचा फरक बुरशीच्या कामी येतो. महाराष्ट्रातल्या बाजरी पिकवणाऱ्याला हे ओळखीचे वाटेल. बाजरीवरचे अरगट निराळ्या जातीचे, पण तेही अंजन गवतासारख्या रानगवतांवर आसरा घेते.

आणि चौथे उदाहरण हे पुस्तक आज लिहिले जाण्याचे मुख्य कारण आहे. १९८५ साली ब्राझीलच्या पाराना राज्यात गव्हावर एक नवा रोग दिसला. ओंबी एका जागेपासून वर पांढरी पडते, दाणा भरत नाही, आणि लक्षण दिसेपर्यंत उपायाची वेळ टळलेली असते. हा गव्हाचा ब्लास्ट. त्याची बुरशी मॅग्नापोर्थे ओरायझी. आपल्या धानावरच्या करप्याची बुरशीही याच नावाची, पण निराळ्या प्रभेदाची. जपानी संशोधकांनी २०१७ साली दाखवले की राय गवतावरच्या प्रभेदाला गव्हावर येण्यापासून अडवणारे एक जनुक गव्हाच्या बहुतेक वाणांत होते. ब्राझीलमध्ये ते जनुक नसलेला अनाहुआक हा वाण पसरला आणि बुरशीला गव्हावर पाय ठेवायला जागा मिळाली. ब्राझीलमधल्या पुढच्या अभ्यासांत कुरणातल्या सिग्नल गवतासारख्या गवतांवर आणि गव्हावर तीच बुरशी ये-जा करताना आढळली. तिच्या जनुकसंचात अनेक गवतांवरच्या बुरशींच्या संकराच्या खुणा आहेत. म्हणजे इथे तण नुसते राहण्याची जागा देत नाही. वेगवेगळ्या बुरशींची गाठ तिथेच पडते आणि नवा रोग तिथेच घडतो.

फेब्रुवारी २०१६ मध्ये हा रोग बांगलादेशात पोहोचला आणि आठ जिल्ह्यांत सुमारे १५,००० हेक्टरांवर पसरला. स्थानिक धानाचा करपाच गव्हावर उतरला की काय, अशी शंका तेव्हा आली. जनुकसंच तपासल्यावर कळले की बुरशी दक्षिण अमेरिकेतल्या गव्हावरच्या घराण्याची आहे. पश्चिम बंगाल सरकारने २०१७ साली नदिया आणि मुर्शिदाबाद जिल्ह्यांत आणि सीमेलगतच्या पाच किलोमीटरच्या पट्ट्यात गव्हाची पेरणी बंद ठेवली. २०१८ साली तो झांबियातही आढळला. भंडारा-गोंदियाचा शेतकरी आज विचारतो की धानाचा करपा गव्हावर जाईल का. सरळ उत्तर असे की धानावरचा प्रभेद सहसा गव्हावर जात नाही. पण ब्लास्ट ज्या हवेत वाढतो ती, २५ ते ३० अंशांची आणि बराच वेळ ओल धरणारी हवा, फेब्रुवारीतल्या अवकाळी पावसाने विदर्भातही तयार होते. आणि तो ज्या कुळातल्या गवतांवर जगू शकतो, ती गवते आपल्या बांधांवर आहेत. म्हणून घाबरायचे कारण नाही, पण बांधावरचे गवत ओळखता यायला हवे.

या विषयाकडे बघणाऱ्या परंपरा अनेक आहेत आणि त्यांचे आपसांत पटतेच असे नाही. पहिली उखडणाऱ्यांची: आश्रय नष्ट करा, रोग संपेल. बारबेरीच्या मोहिमेने तिला मोठे यश दिले, पण ती सगळीकडे लागू करणाऱ्यांचा हिरमोडही झाला. दुसरी दूरच्या उगमाची, मेहता आणि नागराजन यांची: आश्रय स्थानिक नाही, म्हणून हवामान पाहा, डोंगरावर पाळत ठेवा, शेतकऱ्याला आधी सांगा. महाबळेश्वरचे तांबेरा संशोधन केंद्र, निलगिरीतले वेलिंग्टन केंद्र यांचे काम याच वाटेवरचे. तिसरी प्रतिकारक वाणांची. तिच्यात महाराष्ट्राचे एक मानाचे स्थान आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी १९२२ साली काळ्या तांबेऱ्याचे प्रभेद ओळखण्यासाठी गव्हाचे जे बारा वाण ठरवले, त्यांत आपला खपली गहू आहे. जगभरच्या प्रयोगशाळांत शेकडो प्रभेद हरले ते खपलीपुढे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने, निफाडच्या केंद्राने आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने दिलेले वाण ही या परंपरेची आपल्या वावरापर्यंत आलेली फळे. चौथी परंपरा तणशास्त्राची. भारतात तिला उशिरा बळ आले; १९८९ साली जबलपूरला तणांच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. तिचे लक्ष मुख्यतः पिकाच्या उताऱ्यावर राहिले. पाचवी आणि सर्वांत तरुण परंपरा जनुकसंच वाचणाऱ्यांची आहे. एखाद्या तणावरची बुरशी गव्हावरच्या बुरशीची सख्खी, चुलत की अगदी परकी, हे ती सांगू शकते. एरिक्सन यांना हंगामामागून हंगाम लावून जे तपासावे लागले, ते आता काही दिवसांत कळते. आधीच्या चारही परंपरांचे दावे त्यामुळे पुन्हा तपासता येऊ लागले आहेत. २०१० साली पिवळ्या तांबेऱ्याचाही पर्यायी यजमान बारबेरी आहे असे अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले. शंभराहून अधिक वर्षे हे कुणाच्या लक्षात आले नव्हते.

रानगवतांकडे फक्त आरोपी म्हणून बघणेही चूक ठरेल. गव्हाच्या प्रतिकारशक्तीचा मोठा साठा त्यांच्यातच आहे. जगातल्या कोट्यवधी एकर गव्हाला दशकानुदशके काळ्या तांबेऱ्यापासून वाचवणारे एसआर ३१ हे जनुक रायमधून आले, आणि राय हे धान्य होण्याआधी गव्हातले तणच होते असे मानले जाते. १९९८ साली युगांडात सापडलेल्या युजी ९९ प्रभेदाने हे जनुक निकामी केले, तेव्हा जगभर धावपळ झाली ती याचसाठी. ब्लास्टला बऱ्यापैकी अडवणारा गुणसूत्राचा तुकडा एजिलॉप्स या रानटी गवतातून गव्हात आला आहे. धुऱ्यावरची वनस्पती आपल्या घरातही येते. चंदनबटव्याची, पाथरीची, घोळीची भाजी विदर्भातल्या कितीतरी ताटांत असते. बांधावरचे गवत बैलांच्या, शेळ्यांच्या पोटात जाते, आणि मधमाश्यांना फुले तिथेच मिळतात. रोगाच्या नावाखाली सगळे धुरे तणनाशकाने जाळून टाकावेत असा सल्ला या पुस्तकात कुठेही सापडणार नाही. सापडेल तो निवडीचा सल्ला: कोणते गवत फुलण्याआधी कापायचे, कोणत्याला हात लावायची गरज नाही, आपोआप उगवलेला गहू का राहू द्यायचा नाही.

हे सगळे आत्ताच का? कारण विदर्भातली शेती बदलते आहे. निंदणाला माणसे मिळत नाहीत आणि तणनाशक पिकात फवारले जाते, धुऱ्यावर नाही. म्हणून वावर स्वच्छ आणि कडा दाट, असे चित्र वाढते आहे. सोयाबीन आणि पऱ्हाटीनंतर गव्हाची पेरणी लांबते. डिसेंबरात पेरलेला गहू दाणे भरण्याच्या वेळी उन्हात आणि अवकाळी ओलीत सापडतो. सिंचन वाढले तिथे उन्हाळ्यातही हिरवे काठ राहतात. पूर्वी नागपूरचा उन्हाळा जे काम फुकट करत होता, ते या हिरव्या काठांवर पुरते होत नाही. बियाणे आणि धान्य देशोदेशी फिरते, आणि त्यांच्यासोबत बुरशीही.

या पुस्तकाने तीन कामे हाती घेतली आहेत. एक, विदर्भातल्या गव्हात आणि त्याच्या कडांवर सापडणारी तणे आणि त्यांवरच्या बुरशी शेतकऱ्याला आणि विद्यार्थ्याला डोळ्यांनी ओळखता याव्यात. दोन, प्रत्येक जोडीबाबत पुरावा किती भक्कम आहे हे उघड सांगावे: प्रयोगाने सिद्ध झालेले, नुसते नोंदलेले, आणि फक्त अंदाजाचे, असे तीन कप्पे त्यासाठी केले आहेत. तीन, तणांचा आणि रोगांचा अभ्यास एकाच वावरात, एकाच वहीत आणावा. हे फवारणीच्या मात्रांचे हातपुस्तक नाही. मात्रा बदलतात, वाण बदलतात, आणि त्यासाठी विद्यापीठाच्या दरवर्षीच्या शिफारशी आहेत. इथे भर आहे तो रोग कुठून येतो हे समजण्यावर. त्यामुळे ते पहिल्या पानापासून क्रमाने वाचले तरी चालेल, आणि आपल्या धुऱ्यावर दिसलेल्या एका गवताचे नाव शोधत मधूनच उघडले तरी चालेल.

वाचकाला शेवटी एवढीच विनंती. पुढच्या नोव्हेंबरात पेरणीआधी आपल्या वावराच्या चारही धुऱ्यांवरून एक फेरी मारा. कोणती गवते आहेत, कोणत्या पानांवर डाग आहेत, कुठे आपोआप उगवलेला गहू उभा आहे, हे तारखेसह वहीत लिहा. जानेवारी-फेब्रुवारीत पिकात डाग दिसले की त्याच वहीशी ताडून पाहा. न ओळखलेले पान कागदी पाकिटात घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयात न्या आणि नाव विचारा. प्रयोगशाळा विदर्भातल्या प्रत्येक धुऱ्यापर्यंत पोहोचू शकत नाहीत. शेतकरी तिथे रोजच असतो. बारबेरीचे सत्य शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी शेतकऱ्यांनी ओळखले होते. गव्हाच्या रोगांचे इथले मुक्कामही आपणच शोधले पाहिजेत, आणि ते शोधणे आपल्याला जमण्यासारखे आहे.